प्रकाशक बुडतो तेव्हा लेखकाच्या हाती काय उरते?

अमेरिकेतील प्रेमकथालेखकांनी ई-पुस्तकांची वाट इतरांच्या आधी धरली. छोट्या प्रकाशनसंस्थांनी त्यांना दार उघडून दिले, पैसाही मिळवून दिला. पुढे यातील अनेक संस्था बंद पडल्या. त्या अनुभवातून निघालेला धडा मराठीत ई-पुस्तक काढू पाहणाऱ्या लेखकालाही उपयोगी पडणारा आहे.

‘एलोराज केव्ह’ हे नाव वाचताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे वेरूळची लेणी उभी राहतील. प्रत्यक्षात हे नाव होते अमेरिकेच्या ओहायो राज्यातील एका प्रकाशनसंस्थेचे. शृंगारप्रधान प्रेमकथांची ई-पुस्तके विकण्यासाठी ती २००० साली सुरू झाली आणि ३१ डिसेंबर २०१६ रोजी बंद झाली. मधल्या सोळा वर्षांत शेकडो लेखकांनी, त्यातही प्रामुख्याने लेखिकांनी, आपल्या कथा-कादंबऱ्या तिच्या हवाली केल्या. काहींनी त्या कमाईवर नोकरी सोडली, घरे घेतली. अखेरच्या दोन-तीन वर्षांत मात्र रॉयल्टी वेळेवर मिळत नसल्याच्या तक्रारी वाढत गेल्या. मग प्रश्न उभा राहिला तो असा, की प्रकाशक बुडाला तर लिहिलेले पुस्तक कोणाचे?

हा प्रश्न एका संस्थेपुरता किंवा एका देशापुरता नाही. ई-पुस्तकांचा व्यवहार जेथे जेथे पोहोचला, तेथे तो आज ना उद्या विचारला जाणारच आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेतील प्रेमकथांच्या बाजाराकडे पाहणे उद्बोधक ठरते. कारण या व्यवहारातील जवळजवळ प्रत्येक टप्पा तेथील लेखकांनी इतरांच्या आधी अनुभवला.

प्रेमकथाच का?

प्रेमकथांचा इंग्रजी बाजार हा दीर्घकाळ एका मोठ्या घराण्याच्या छायेत वाढला. लंडनमध्ये १९०८ साली ‘मिल्स अँड बून’ची स्थापना झाली, तर कॅनडातील विनिपेग येथे १९४९ साली ‘हार्लेक्विन’ सुरू झाली. १९७१ मध्ये हार्लेक्विनने मिल्स अँड बून विकत घेतली. मुंबई-पुण्यातील खासगी वाचनालयांत आणि पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या ढिगांत दिसणारी ती पातळ, गुलाबी वळणाची पुस्तके याच घराण्याची. या पुस्तकांचे साचे ठरलेले होते. पृष्ठसंख्या किती, नायक-नायिका कशी, शृंगार कोठवर न्यायचा, शेवट कसा करायचा, या सर्वांचे दंडक प्रत्येक मालिकेसाठी आखून दिलेले असत.

या दंडकांत न बसणाऱ्या लेखकांची संख्या थोडी नव्हती. कोणाच्या कथेत शृंगार अधिक मोकळा होता, कोणाच्या कथेत भुतेखेते आणि परग्रहावरील माणसे होती, कोणाची कथा समलिंगी प्रेमाची होती, तर कोणाची लांबी कादंबरीपेक्षा कमी आणि लघुकथेपेक्षा जास्त होती. न्यूयॉर्कचे मोठे प्रकाशक असे लेखन साभार परत करीत. वाचकांना मात्र ते हवे होते.

येथे ई-पुस्तकाने वाट मोकळी केली. त्याला कागद लागत नाही, गोदाम लागत नाही, शंभर पानांचे पुस्तक विकणे तोट्याचे ठरत नाही. शिवाय प्रेमकथांचा वाचक हा भराभर वाचणारा. आठवड्याला दोन-तीन पुस्तके संपविणारे वाचक या प्रकारात सहज आढळतात. घरबसल्या, मध्यरात्रीही पुस्तक मिळण्याची सोय त्यांच्या पथ्यावर पडली. आणखी एक कारण नाजूक पण खरे आहे. पडद्यावर वाचताना मुखपृष्ठ दिसत नाही. लोकलच्या डब्यात किंवा कचेरीच्या मधल्या सुटीत आपण काय वाचतो आहोत, हे शेजाऱ्याला कळत नाही.

त्यामुळे १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धातच अमेरिकेत प्रेमकथांची ई-पुस्तके विकणाऱ्या छोट्या संस्था उभ्या राहू लागल्या. त्या वेळी पुस्तके फ्लॉपी डिस्कवर टपालाने पाठविली जात किंवा ई-मेलने धाडली जात. वाचक ती संगणकाच्या पडद्यावर वाचत किंवा घरी छापून घेत. ॲमेझॉनचे ‘किंडल’ हे वाचनयंत्र बाजारात आले ते नोव्हेंबर २००७ मध्ये. म्हणजे किंडल येण्यापूर्वी दहा-एक वर्षे प्रेमकथांचे वाचक ई-पुस्तके विकत घेऊन वाचत होते.

एका लेखिकेचा उद्योग

एलोराज केव्हची स्थापना टीना एंगलर यांनी केली. ‘जेड ब्लॅक’ या टोपणनावाने त्या लिहीत. मोठ्या प्रकाशकांकडून नकार आल्यानंतर त्यांनी आपल्या कथा संगणकीय फाइलींच्या रूपात स्वतःच विकण्यास प्रारंभ केला. वाचक पैसे भरत आणि कथा त्यांना ई-मेलने मिळे. मागणी वाढली तशी इतर लेखकांचीही पुस्तके त्यांनी घेतली. प्रेम आणि शृंगार यांची सांगड घालणाऱ्या या प्रकारासाठी ‘रोमँटिका’ असा शब्दही संस्थेने रूढ केला.

संस्थेची भरभराट पाहून इतर संस्थाही आल्या. २००४ मध्ये ‘लूज आयडी’, २००५ मध्ये ‘सॅमहेन’ सुरू झाली. २००६ मध्ये ‘ऑल रोमान्स ई-बुक्स’ हे केवळ प्रेमकथांना वाहिलेले ई-पुस्तकांचे दुकान उघडले. लेखकांच्या दृष्टीने तो सुगीचा काळ होता. हस्तलिखित पाठविल्यावर वर्ष वर्ष थांबावे लागत नसे. काही महिन्यांत संपादन होऊन पुस्तक विक्रीला लागे, आणि अनेक संस्था दरमहा हिशेब देत.

प्रस्थापितांच्या दरबारी मात्र या लेखकांना मान नव्हता. ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ ही १९८० साली स्थापन झालेली या क्षेत्रातील सर्वांत मोठी लेखकसंघटना. प्रकाशकाने लेखकाला किमान एक हजार डॉलर आगाऊ दिले पाहिजेत, असा निकष तिने लावला होता. ई-प्रकाशक आगाऊ रक्कम देत नसत; ते विक्रीतील मोठा वाटा देत. त्यामुळे कित्येक लेखक चांगली कमाई करीत असूनही त्यांचे प्रकाशक संघटनेच्या व्याख्येत बसत नसत. हा निकष त्या काळी अनेकांना जाचक वाटला. परंतु त्यामागे एक व्यावहारिक शहाणपणही होते. आगाऊ रक्कम देणारा प्रकाशक स्वतःचे काही तरी पणाला लावतो. ती न देणाऱ्या प्रकाशकाच्या व्यवहारात सर्व जोखीम लेखकाच्या वेळेची आणि श्रमाची असते.

आकड्यांचे गणित

लेखक या संस्थांकडे का वळले, हे समजण्यासाठी एक ढोबळ हिशेब पाहू.

सात डॉलर किमतीच्या छापील स्वस्त आवृत्तीवर लेखकाला आठ टक्के रॉयल्टी मिळाली, तर एका प्रतीमागे ५६ सेंट हाती येतात. तेही लगेच नव्हे. अमेरिकेत दुकानदार न खपलेल्या प्रती परत करू शकतो. स्वस्त आवृत्तीच्या बाबतीत तर पूर्ण पुस्तक परत न करता केवळ फाडलेले मुखपृष्ठ परत पाठविण्याची पद्धत आहे. परत येणाऱ्या प्रतींची तरतूद म्हणून प्रकाशक रॉयल्टीचा काही भाग अनेक महिने अडवून ठेवतो.

आता ई-पुस्तक घेऊ. सहा डॉलरचे पुस्तक प्रकाशकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर विकले गेले आणि लेखकाचा वाटा ४० टक्के असेल, तर २ डॉलर ४० सेंट होतात. छापील पुस्तकाच्या चौपटीहून अधिक. परत येणाऱ्या प्रतींची भीतीही फारशी नाही.

तेच पुस्तक दुसऱ्याच्या ई-दुकानात गेले की चित्र बदलते. दुकानाने निम्मी किंमत ठेवून घेतली, तर प्रकाशकाकडे तीन डॉलर येतात आणि त्यांच्या ४० टक्क्यांनी लेखकाला १ डॉलर २० सेंट मिळतात. किंडल लोकप्रिय झाल्यावर वाचक प्रकाशकांची संकेतस्थळे सोडून ॲमेझॉनकडे वळले. विक्रीच्या प्रती तेवढ्याच राहिल्या, तरी प्रकाशक आणि लेखक या दोघांचेही उत्पन्न प्रतीमागे घटले.

दुसरा आणि निर्णायक धक्का २०१० च्या मध्यास बसला. ॲमेझॉनने आपल्या सेवेतून थेट पुस्तक प्रसिद्ध करणाऱ्या लेखकांना, २.९९ ते ९.९९ डॉलर किमतीच्या ई-पुस्तकांवर ७० टक्के वाटा देण्यास सुरुवात केली. चार डॉलरचे पुस्तक, लेखकाला सुमारे २ डॉलर ८० सेंट. वाचकाला पुस्तक स्वस्त आणि लेखकाला पैसे अधिक. मधल्या प्रकाशकाने संपादन, मुखपृष्ठ आणि प्रसिद्धी यांखेरीज आणखी काय द्यायचे, असा प्रश्न लेखक विचारू लागले. ज्या छोट्या संस्थांचे बळ ‘मोठे प्रकाशक जे छापत नाहीत ते आम्ही विकतो’ यात होते, त्यांचे ते बळच नाहीसे झाले.

पैसा अडतो कोठे?

ई-पुस्तकांच्या छोट्या प्रकाशनसंस्थेत पैसा फिरतो तो असा. दुकाने विक्रीची रक्कम प्रकाशकाला देतात. त्या रकमेत लेखकाचा वाटाही असतो. तो वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन सहसा करारात नसते. त्याच खात्यातून कचेरीचे भाडे जाते, पगार जातात, जाहिरातीचा खर्च जातो. विक्री चढती असते तोवर या महिन्याच्या जमेतून मागच्या महिन्याची देणी भागतात. विक्री उतरली की प्रथम मागे पडते ती लेखकाची रॉयल्टी. कारण घरमालक आणि वीजमंडळ थांबत नाहीत, लेखक थांबतो. शिवाय किती प्रती विकल्या गेल्या, हे त्याला प्रकाशकाने पाठविलेल्या हिशेबावरूनच कळते.

एलोराज केव्हमध्ये २०१४ साली हा ताण उघड झाला. ॲमेझॉनवरील विक्री मोठ्या प्रमाणात घटल्याचे संस्थेने सांगितले आणि कंत्राटी संपादकांचे काम कमी केले. रॉयल्टीचे धनादेश महिनोन्‌महिने येत नसल्याच्या तक्रारी लेखकांनी जाहीरपणे मांडल्या. प्रेमकथांविषयी लिहिणाऱ्या ‘डिअर ऑथर’ या संकेतस्थळाने संस्थेच्या आर्थिक स्थितीवर लेख प्रसिद्ध केला, तेव्हा संस्थेने त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. २०१५ मध्ये हा दावा तडजोडीने मिटला. त्यानंतर वर्षभराने संस्थाच बंद झाली.

त्याच सुमारास ऑल रोमान्स ई-बुक्सनेही दुकान बंद केले, आणि ज्या रीतीने केले ती लेखकांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिली. २८ डिसेंबर २०१६ रोजी सूचना निघाली की ३१ डिसेंबरला दुकान बंद होईल. त्या वर्षाच्या अखेरच्या तिमाहीतील विक्रीपोटी लेखक आणि प्रकाशकांना डॉलरमागे दहा सेंट देऊ केले गेले. ते स्वीकारायचे तर उरलेल्या रकमेवरील हक्क सोडावयाचा. म्हणजे रुपयाला दहा पैसे. ज्यांची पुस्तके नाताळच्या हंगामात चांगली खपली होती, त्यांचे नुकसान सर्वांत मोठे.

सर्वच संस्था अशा रीतीने बंद पडल्या असे नाही. सॅमहेनने २०१६ च्या प्रारंभी काम आवरते घेत असल्याचे जाहीर केले आणि पुढच्या वर्षी ती बंद झाली. तोवर लेखकांना तयारीला वेळ मिळाला. लूज आयडीनेही आधी सूचना देऊन २०१८ मध्ये व्यवहार आटोपला. व्यवसाय बंद होणे हा गुन्हा नव्हे. तो बंद होताना लेखकाचे हक्क त्याच्या स्वाधीन होतात की नाही, ही खरी कसोटी.

करार ही प्रकाशकाची मालमत्ता

थकलेली रॉयल्टी बुडणे हे नुकसान मोठे खरे, पण त्याहून मोठे नुकसान दुसरेच आहे. लेखकाने पुस्तकाचे हक्क करारान्वये प्रकाशकाला दिलेले असतात. प्रकाशक दिवाळखोरीत गेला की तो करार प्रकाशकाची मालमत्ता म्हणून मोजला जातो.

२००७ साली ‘ट्रिस्केलियन’ या छोट्या प्रेमकथाप्रकाशकाने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा तेथील लेखकांना हे प्रथम कळले. अनेकांच्या करारात ‘प्रकाशक दिवाळखोर झाल्यास सर्व हक्क लेखकाकडे परत येतील’ असे कलम होते. ते कलम म्हणजे अभेद्य चिलखत, असा त्यांचा समज होता. परंतु अमेरिकेचा दिवाळखोरी कायदा, केवळ दिवाळखोरीच्या कारणावरून करार आपोआप संपुष्टात आणणारी कलमे सहसा मानत नाही. सर्व धनकोंना समान न्याय मिळावा, म्हणून कर्जदाराची मालमत्ता विखुरली जाऊ नये, हा त्यामागील हेतू. लेखकाच्या दृष्टीने परिणाम मात्र असा, की त्याची कादंबरी टेबल-खुर्च्यांप्रमाणे देणी भागविण्याच्या मालमत्तेत धरली जाऊ शकते आणि तो स्वतः धनकोंच्या रांगेत मागे उभा राहतो.

‘डॉर्चेस्टर’चे प्रकरण याच जातीचे. १९७१ पासूनच्या या जुन्या संस्थेने २०१० मध्ये स्वस्त छापील आवृत्त्या थांबवून ई-पुस्तकांची वाट धरली. हक्क परत घेतल्यानंतरही आपली ई-पुस्तके विकली जात असल्याच्या तक्रारी काही लेखकांनी केल्या, बहिष्काराची हाक दिली गेली. अखेर २०१२ मध्ये संस्थेची एक हजाराहून अधिक पुस्तके ॲमेझॉनने लिलावात घेतली. येथे लेखकांचे नशीब बरे. ॲमेझॉनकडे येण्यास संमती देणाऱ्यांची थकलेली रॉयल्टी ॲमेझॉनने चुकती केली. पण तो खरेदीदाराचा निर्णय होता. लेखकाच्या करारात त्याची हमी नव्हती.

हक्क परत मिळाले तरी काम संपत नाही. मुखपृष्ठ प्रकाशकाचे, म्हणून नवे करून घ्यावे लागते. दुकानांतील जुनी नोंद काढली जाते आणि तिच्यासोबत वाचकांचे अभिप्राय जाण्याचा संभव असतो. पाच भागांच्या मालिकेचे दोन भाग एका प्रकाशकाकडे आणि तीन दुसऱ्याकडे अडकले, तर पाचही भाग वाचू इच्छिणारा वाचक पहिल्याच भागापाशी थांबतो.

‘निव्वळ’ या शब्दाची किंमत

अडचण छोट्या संस्थांतच येते असेही नाही. हार्लेक्विनच्या काही लेखकांनी २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात सामूहिक दावा दाखल केला. १९९० ते २००४ या काळातील करारांत ई-पुस्तकांवर प्रकाशकाला मिळालेल्या निव्वळ रकमेच्या निम्मा वाटा लेखकाचा, असे म्हटले होते. लेखकांचे म्हणणे असे की, करार करणारी कंपनी स्वित्झर्लंडमधील होती आणि तिने ई-पुस्तकांचे हक्क हार्लेक्विनच्याच दुसऱ्या कंपनीला किमतीच्या अवघ्या सहा ते आठ टक्क्यांत दिले. त्यामुळे ‘निव्वळ रकमेचा निम्मा वाटा’ म्हणजे प्रत्यक्षात किमतीच्या तीन ते चार टक्के एवढाच ठरला. २०१६ मध्ये ४१ लाख डॉलरच्या तडजोडीने हा दावा मिटला. दरम्यान, २०१४ मध्ये हार्लेक्विन ‘हार्परकॉलिन्स’ने विकत घेतली होती.

या प्रकरणाचा बोध सरळ आहे. टक्केवारीचा आकडा कितीही आकर्षक असो, ती टक्केवारी कशाची, हे करारात स्पष्ट नसेल तर तो आकडा पोकळ ठरतो.

यशाच्या दोन कथा

या क्षेत्रातील यशाच्या कथाही खऱ्या आहेत. ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ ही ई. एल. जेम्स यांची कादंबरी २०११ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली ती ‘द रायटर्स कॉफी शॉप’ या ऑस्ट्रेलियातील छोट्या संस्थेने, ई-पुस्तक आणि मागणीनुसार छापल्या जाणाऱ्या प्रतींच्या स्वरूपात. पुढील वर्षी मोठ्या प्रकाशकाने हक्क घेतले आणि पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. मात्र त्या पैशांच्या वाटणीवरून छोट्या संस्थेच्या भागीदारांतच टेक्सासच्या न्यायालयात वाद उभा राहिला आणि २०१५ मध्ये एका भागीदार महिलेला एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम देण्याचा निर्णय झाला. तोंडी विश्वासावर चालणाऱ्या छोट्या संस्थांची कागदपत्रे किती कच्ची असतात, याचे हे उदाहरण.

दुसरी कथा अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील अमांडा हॉकिंग यांची. प्रकाशकांकडून नकार आल्यानंतर २०१० मध्ये त्यांनी अद्भुतरम्य प्रेमकथांची आपली ई-पुस्तके स्वतःच विक्रीस ठेवली. वर्षभरात दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. २०११ मध्ये त्यांनी ‘सेंट मार्टिन्स’ या प्रस्थापित प्रकाशकाशी सुमारे वीस लाख डॉलरचा करार केला. स्वतः प्रकाशक होण्यात लेखनाव्यतिरिक्तच्या कामांतच वेळ संपतो, हे त्यांनी दिलेले एक कारण होते. ७० टक्क्यांचा वाटा मिळतो तो संपादक, चित्रकार, हिशेबनीस आणि विक्रेता या चौघांचे काम स्वतः करण्याबद्दल, ही बाब त्या आकड्याच्या मोहात विसरली जाते.

स्वयंप्रकाशनात लेखक एका प्रकाशकापासून सुटतो, परंतु एका दुकानाच्या स्वाधीन होतो. जुलै २०१४ मध्ये ॲमेझॉनने मासिक वर्गणीत हवी तेवढी पुस्तके वाचण्याची ‘किंडल अनलिमिटेड’ योजना आणली. जुलै २०१५ पासून तीत लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांवर मोबदला मिळू लागला. योजनेत पुस्तक ठेवायचे तर तेवढ्या मुदतीत त्याची ई-आवृत्ती अन्यत्र विकता येत नाही. नियम दुकान ठरविते आणि ते बदलण्याचा अधिकारही दुकानाचाच.

मराठी लेखकाने काय पाहावे?

ज्या डिसेंबर २०१६ मध्ये एलोराज केव्ह बंद झाली, त्याच महिन्यात ॲमेझॉनने किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतील ई-पुस्तके उपलब्ध केली. पुढच्या वर्षी ‘स्टोरीटेल’ने भारतात पाऊल ठेवले आणि मराठी पुस्तके ऐकली जाऊ लागली. ‘बुकगंगा’सारख्या संस्था मराठी ई-पुस्तकांची विक्री त्याआधीपासून करीत आहेत. म्हणजे पर्याय आपल्याकडेही आले आहेत. आपल्या प्रकाशनव्यवहारात अनेकदा आवृत्तीगणिक ठोक मानधन देण्याची आणि करार एका पानात उरकण्याची रीत आहे. ओळखीवर चालणाऱ्या या रीतीला ई-पुस्तकाने एक नवी अडचण आणली आहे. छापील आवृत्ती संपते. ई-पुस्तकाची आवृत्ती कधीच संपत नाही. ‘आवृत्ती संपल्यावर हक्क लेखकाकडे’ हे जुने वाक्य येथे लटके पडते.

या बाबतीत भारतीय कायदा लेखकाच्या बऱ्यापैकी बाजूचा आहे, हे अनेक लेखकांना ठाऊक नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. कोणते हक्क, किती मुदतीसाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी दिले, हे त्यात नमूद करावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. करारात वेगळे म्हटले नसेल तर, घेतलेले हक्क वर्षभरात न वापरल्यास त्या हक्कांचे हस्तांतरण संपुष्टात येते. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक संरक्षण दिले. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचे हक्क करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर प्रकाशकाकडे जात नाहीत.

मात्र यातील काही संरक्षणे करारात काही लिहिले नसेल तेव्हाच कामास येतात. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमे, संपूर्ण जग, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी’ असे वाक्य लेखकाने सहीनिशी मान्य केले, तर भारतात ती मुदत लेखकाच्या हयातीनंतरही साठ वर्षे चालते.

म्हणून सही करण्यापूर्वी काही गोष्टी तपासणे इष्ट. छापील, ई-पुस्तक, ध्वनिपुस्तक, अनुवाद आणि चित्रपट हे हक्क वेगवेगळे लिहिलेले आहेत काय? प्रकाशक ज्याचा वापर करणार नाही, तो हक्क त्याला देण्याचे कारण नाही. मुदत तीन किंवा पाच वर्षांची आहे काय? रॉयल्टी छापील किमतीवर की निव्वळ रकमेवर, आणि निव्वळ म्हणजे नेमके काय वजा करून? हिशेब किती दिवसांनी येणार आणि तो पडताळून पाहण्याचा अधिकार लेखकाला आहे काय? सर्वांत महत्त्वाचे, सलग दोन हिशेब किंवा दोन हप्ते चुकले, अथवा वर्षभरातील विक्री ठरावीक प्रतींखाली गेली, तर लेखकाच्या एका पत्राने हक्क परत येतील काय? अमेरिकेतील लेखक शिकले ते हेच. हक्क परत येण्याचे कलम दिवाळखोरीवर अवलंबून ठेवू नये. चुकलेल्या हप्त्यावर ठेवावे. हप्ता दिवाळखोरीच्या पुष्कळ आधी चुकतो, आणि त्या वेळी लेखकाला हालचाल करता येते.

पुढचे पुस्तक प्रथम याच प्रकाशकाला दाखविण्याचे बंधन घालणारे कलमही बारकाईने वाचावे. प्रकाशक अडचणीत आल्यावर तेच कलम लेखकाच्या पायातील बेडी ठरते. आणि टोपणनाव किंवा मालिकेचे नाव प्रकाशकाच्या मालकीचे तर होत नाही ना, हेही पाहावे.

अमेरिकेतील प्रेमकथालेखकांचे जग आज पुन्हा बदलले आहे. त्या क्षेत्रातील बऱ्याच लेखकांनी जुन्या कथा परत मिळवून स्वतः प्रसिद्ध केल्या आणि त्यांतील काही आजही खपतात. आगाऊ रकमेचा निकष लावणाऱ्या रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिकेवरच २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली. संस्था येतात आणि जातात. दुकाने उघडतात आणि बंद होतात. कथा मात्र टिकू शकते, तिचे हक्क योग्य वेळी लिहिणाऱ्याच्या हाती परत आले तर. त्यासाठी प्रकाशकावर अविश्वास दाखविण्याची गरज नाही. करार वाचण्याची आणि न पटलेल्या ओळीवर सही न करण्याची गरज आहे.